खोटा सांगावा

रत्नागिरीच्या टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्या कौलारू घराशी आपण ‘केसरी’ जोडतो, स्वराज्य जोडतो, मंडाले जोडतो. मधुमेह कुणी जोडत नाही. पण टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ ही मंडालेच्या तुरुंगातली वर्षं त्यांनी हा आजार सांभाळत काढली आणि सुटून आल्यावरही तो सोबत राहिला. त्या काळी मधुमेहावर औषध म्हणावं असं काही नव्हतं. पथ्य होतं आणि ते पाळण्याची जिद्द होती. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले.

पुढच्याच वर्षी, १९२१च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट कुत्र्याच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढत होते. जानेवारी १९२२ मध्ये तो अर्क लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला गेला. पहिल्या खेपेला फारसा गुण आला नाही. अर्क आणखी शुद्ध करून दिला, तेव्हा मरणाच्या दारात असलेला मुलगा उठून बसला. हेच इन्शुलिन.

टिळक मधुमेहानं गेले असा दावा इथे करायचा नाही. बोलायचं आहे ते अंतराबद्दल. रोग आणि त्याचं ज्ञान यांच्यामध्ये एक अंतर असतं. टिळकांच्या वाट्याला ते आलं. ज्ञान आणि रोगी यांच्यामध्ये दुसरं अंतर असतं. इन्शुलिनच्या बाबतीत ते लवकर कापलं गेलं, कारण संशोधकांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं.

आज ज्या रोगाची गोष्ट सांगायची आहे, त्यात ही दोन्ही अंतरं लांबलचक आहेत. रोग आहे किडनीचा कॅन्सर. पहिलं अंतर कापायला शंभराहून जास्त वर्षं लागली. दुसरं काही प्रमाणात कापलं गेलं ते मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत, २०१२ साली. आणि ज्या इन्शुलिनला आपण फक्त साखरेचं औषध समजतो, ते या गोष्टीतही एक पात्र म्हणून येतं.

चुकीच्या नावाचा रोग

१८८३ साली पाउल ग्राविट्झ हा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ किडनीतल्या गाठी कापून पाहत होता. गाठी पिवळ्याधमक होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चरबीनं भरलेल्या दिसत होत्या. किडनीच्या इतर पेशी अशा दिसत नाहीत. अशा दिसतात त्या किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या पेशी. ग्राविट्झनं तर्क केला: गर्भात अवयव घडताना अ‍ॅड्रिनलचे तुकडे किडनीत अडकून राहत असावेत आणि पुढे त्यांचाच कॅन्सर होत असावा.

तर्क पटण्यासारखा होता आणि चुकीचा होता. त्यावरून या गाठीला ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव पडलं. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी ते पाठ केलं. १९६० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर नक्की झालं की या पेशी किडनीच्याच आहेत, रक्त गाळून झाल्यावर त्यातलं कामाचं परत खेचून घेणाऱ्या बारीक नळ्यांच्या. आज या प्रकाराला ‘क्लिअर सेल’ म्हणतात. किडनीच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. नमुना तयार करताना पेशीतली चरबी आणि साखर विरघळून जाते आणि पेशी रिकामी, पारदर्शक दिसते, म्हणून हे नाव.

म्हणजे ग्राविट्झचं उत्तर चुकलं, पण त्याला पडलेला प्रश्न चोख होता. किडनीच्या गाठीत एवढी चरबी आणि साखर का साठते? या प्रश्नाचं उत्तर मिळायला पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जायची होती.

दरम्यान डॉक्टरांना या रोगाचा आणखी एक चमत्कारिक स्वभाव दिसत होता. हा कॅन्सर ग्रंथीचं सोंग घेतो. काही रोग्यांच्या रक्तात तांबड्या पेशी भलत्याच वाढलेल्या असतात, कारण गाठ एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारं संप्रेरक तयार करते. काहींच्या रक्तात कॅल्शियम चढतं. १९४१ मध्ये बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी किडनीच्या कॅन्सरचा असाच एक रोगी पाहून सुचवलं की ही गाठच पॅराथायरॉइडसारखं संप्रेरक बनवत असावी. पुढे ते खरं ठरलं. संप्रेरक म्हणजे काय, तर एका अवयवानं दुसऱ्याला रक्तातून धाडलेला सांगावा. किडनीचा कॅन्सर हे खोटे सांगावे धाडण्यात पटाईत आहे, एवढं तेव्हाच कळलं होतं.

हॅमस्टर, उंदीर आणि परळ

मग उलटा प्रश्न आला: संप्रेरकांमुळे हा कॅन्सर होतो का? १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत सीरियन हॅमस्टरच्या नरांना दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलं गेलं. त्यांच्या किडनीत गाठी आल्या. यावरून लंडनमध्ये ब्लूम या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात किडनीच्या कॅन्सरच्या रोग्यांना विरोधी संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं, देऊन पाहिली. सुरुवातीला आशा वाटली. पुढे काटेकोर मोजणी झाली तेव्हा गुण येणारे रोगी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. हॅमस्टरला जे लागू पडलं ते माणसाला पडलं नाही.

याच दशकांत मुंबईत परळला संप्रेरकं आणि कॅन्सर यांचं नातं एक मराठी बाई तपासत होत्या. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथल्या विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे खानोलकरांच्या हाताखाली संशोधनात आल्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशींची शेती करायला शिकल्या. जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी जिथे वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. परतल्यावर त्यांनी परळला देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरमध्ये संप्रेरकं, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा वाटा किती, हे शोधत राहिल्या.

रणदिवे किडनीवर काम करत नव्हत्या. तरी या गोष्टीत त्यांची प्रयोगशाळा आणली ती एका कारणासाठी. काचेच्या बशीत पेशी वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक धडा मिळतो. साखर द्या, क्षार द्या, जीवनसत्त्वं द्या. नुसत्या अन्नावर पेशी वाढत नाही. तिला रक्ताचा द्रव, सीरम, लागतो. अन्न असूनही पेशी वाट पाहत बसते, कारण ‘वाढ’ असा हुकूम आलेला नसतो. तो हुकूम सीरममध्ये असतो.

या हुकमांनाच पुढे ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणू लागले. १९७४ मध्ये कळलं की गोठलेल्या रक्तातून निघालेलं सीरम पेशी वाढवतं, न गोठलेल्या रक्तातला प्लाझ्मा तितकं वाढवत नाही. गोठताना रक्तातल्या प्लेटलेट फुटतात आणि त्यांतून ‘जखम झालीय, पेशींनो वाढा’ हा निरोप बाहेर पडतो. ग्रोथ फॅक्टरचा शोध लावणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. संप्रेरक लांबचा सांगावा असतो, तर ग्रोथ फॅक्टर बहुतेक वेळा शेजाऱ्याला मारलेली हाक. पण ऐकणारी पेशी दोन्ही एकाच कानानं ऐकते.

भरलेली कणगी, रोजची तार

१९७१ मध्ये जुडा फोकमन या अमेरिकन शल्यविशारदानं मांडलं की गाठ रक्तवाहिन्यांना आपल्याकडे बोलावते, आणि हे बोलावणं थांबवलं तर गाठ उपाशी मरेल. अनेकांनी नाकं मुरडली. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना गाठींमधून रक्तवाहिन्या पाझरवणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. दोन्ही एकच निघाली. त्याचं लघुनाव व्हीईजीएफ.

किडनीच्या गाठी रक्तानं अक्षरशः थबथबलेल्या असतात, हे शल्यविशारदांना आधीपासून माहीत होतं. असं का, याचा सुगावा लागला तो काही दुर्दैवी कुटुंबांमधून. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिप्पेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या गाठी पाहिल्या. १९२६ मध्ये स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ यांनी दाखवलं की अशाच गाठी मेंदूतही येतात आणि त्याच लोकांच्या किडनीत विकृती असतात. घराण्यात चालत येणाऱ्या या रोगाला दोघांचं नाव मिळालं. १९९३ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं: व्हीएचएल. आणि मग लक्षात आलं की घराण्यात रोग नसलेल्या, साध्या क्लिअर सेल कॅन्सरच्या बहुतेक रोग्यांच्या गाठीतही हेच जनुक बिघडलेलं असतं.

हे जनुक करतं काय? उत्तर तिघांनी मिळून दिलं आणि २०१९चं नोबेल घेतलं: ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ, विल्यम केलिन. सेमेंझा शोध घेत होते एरिथ्रोपोएटिनचा. उंच डोंगरावर हवा विरळ झाली की किडनीला कसं कळतं आणि ती रक्त वाढवायचा सांगावा कसा धाडते? त्यांना पेशीतला एक निरोप्या सापडला: हिफ. प्राणवायू भरपूर असताना व्हीएचएल हिफला पकडून मोडीत काढतं. प्राणवायू कमी पडला की हिफ सुटतो आणि हाकाटी करतो: रक्त वाढवा, नव्या रक्तवाहिन्या आणा, साखर साठवा, चरबी राखून ठेवा, काटकसरीनं जगा.

आता व्हीएचएलच मोडलं तर? प्राणवायू असूनही हिफला अडवायला कुणी नाही. कल्पना करा: कोकणातल्या घरात भाताची कणगी काठोकाठ भरलेली आहे, पण मुंबईच्या चाकरमान्याला घरून रोज तार जाते आहे, ‘उपाशी आहोत, ताबडतोब पाठव.’ तोही बिचारा पाठवत राहतो. किडनीचा कॅन्सर म्हणजे ही रोजची तार. गाठीतली पेशी गुदमरलेली नसते. तिला आपण गुदमरलो आहोत असं वाटत राहतं.

आणि ग्राविट्झचा प्रश्नही इथेच सुटतो. पिवळी चरबी आणि पेशीत कोंबलेली साखर ही अ‍ॅड्रिनलची खूण नव्हती. दुष्काळाच्या खोट्या बातमीनं घाबरलेल्या घरानं केलेला तो साठा होता.

पोटावरची चरबी काय बोलते

आत्तापर्यंतची गोष्ट गाठीच्या आतली झाली. बाहेरून, उरलेल्या शरीराकडूनही पेशीला निरोप येत असतात. इथे इन्शुलिन येतं.

इन्शुलिन जेवणानंतर सांगतं, ‘साखर आली आहे, आत घ्या.’ पण त्याच्या निरोपाचं दुसरं वाक्यही असतं, ‘आणि परिस्थिती बरी आहे, वाढलात तरी चालेल.’ त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे आयजीएफ. नावातच इन्शुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर असा अर्थ आहे. पोटाभोवती चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड ते आणखी ओततं. रक्तात इन्शुलिन चढतं राहिलं की आयजीएफला बांधून ठेवणारी काही प्रथिनं कमी होतात आणि मोकळा आयजीएफ वाढतो.

चरबी ही नुसती कोठी आहे असं पूर्वी मानत. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं आणि कळलं की चरबी स्वतः बोलते. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. काही वर्षांत अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं. त्याचा स्वभाव उलटा, चरबी वाढली की ते कमी होतं. लेप्टिन बऱ्याच पेशींना वाढीकडे ढकलतं आणि अ‍ॅडिपोनेक्टिन सर्वसाधारणपणे हात आखडतं. म्हणजे वजन वाढतं तेव्हा पेशीच्या कानावर पडणारी सगळीच बोलणी एका बाजूला झुकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००२ मध्ये पुरावे तपासून लठ्ठपणामुळे धोका वाढणाऱ्या कॅन्सरच्या यादीत किडनीचं नाव घातलं. २०१६च्या फेरतपासणीत ते कायम राहिलं. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब ही या रोगाची दुसरी दोन ठळक कारणं. एखादा माणूस जाड आहे म्हणून त्याला कॅन्सर होणार, असा याचा अर्थ नाही. लाखो माणसांकडे एकत्र पाहिलं की पारडं झुकलेलं दिसतं, एवढाच आहे. या संप्रेरकांपैकी मुख्य गुन्हेगार कोण, यावर अजून वाद आहेत.

एक गोष्ट मात्र औषधांनीच सिद्ध केली. इन्शुलिन, आयजीएफ आणि बाकी ग्रोथ फॅक्टर यांचे निरोप पेशीत शिरल्यावर ज्या मोठ्या जंक्शनवर एकत्र येतात, त्याचं नाव एमटॉर. या नावामागे एक बेट आहे. १९६४ मध्ये एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर, गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं रापामायसिन वेगळं केलं. कंपनीनं काम गुंडाळलं, तेव्हा सेहगलांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमशेजारी, जपून ठेवले. याच रापामायसिनचे वंशज टेमसिरोलिमस (२००७) आणि एव्हरोलिमस (२००९) किडनीच्या कॅन्सरवरची औषधं झाली. एव्हरोलिमस घेणाऱ्या बऱ्याच रोग्यांची रक्तातली साखर चढते. कॅन्सरचा रस्ता अडवायला गेलं आणि इन्शुलिनचा रस्ताही अडला, कारण रस्ता एकच होता.

अँटॉप हिलची सुनावणी

डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत पुढे पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी सोराफेनिब मंजूर झालं. व्हीईजीएफची आणि प्लेटलेटमधल्या त्या ग्रोथ फॅक्टरची हाक पेशीत पोचू न देणारी ही गोळी. फोकमन यांची कल्पना औषधाच्या पाकिटात आली होती. पुढे लिव्हरच्या कॅन्सरसाठीही ती मंजूर झाली. बायर या जर्मन कंपनीनं ती ‘नेक्साव्हार’ या नावानं आणली.

भारतात १९७०च्या कायद्याप्रमाणे औषधावर नव्हे, तर फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. म्हणून तर आपल्या कंपन्या जगातली औषधं स्वस्तात बनवू शकल्या. जागतिक व्यापार कराराला बांधील राहून २००५ मध्ये कायदा बदलला आणि औषधांवरही पेटंट मिळू लागलं. मार्च २००८ मध्ये बायरला सोराफेनिबचं भारतीय पेटंट मिळालं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. एका गोळीचे २,३०० रुपयांहून जास्त. दिवसाला चार गोळ्या.

आता रत्नागिरीहून परळला जाणारा रस्ता आठवा. सावंतवाडीहून निघालेली तुतारी एक्सप्रेस रात्री रत्नागिरीला थांबते आणि सकाळी दादरला पोचते. मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून तिचं नाव ठेवलेलं आहे. त्या गाडीत दर रात्री काही माणसं मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरून बसलेली असतात. पिशवीत फाइल, स्कॅनची मोठी पाकिटं, वर चुरगळलेला केसपेपर. दादरला उतरून ती टाटा रुग्णालयाकडे वळतात. कलमांची चार झाडं आणि भाताचा तुकडा असलेल्या घरासाठी महिन्याला पावणेतीन लाख म्हणजे औषध असून नसल्यासारखं. टिळकांच्या वेळी ज्ञानच नव्हतं. इथे ज्ञान होतं, गोळीही होती, आणि मध्ये किंमत उभी होती.

हैदराबादच्या नॅटको फार्मानं २०११च्या जुलैमध्ये अर्ज केला: आम्हाला ही गोळी बनवायचा सक्तीचा परवाना द्या. पेटंट कायद्याच्या ८४व्या कलमात ही सोय होती, पण तोवर तिच्याखाली परवाना कधी दिला गेला नव्हता. सुनावणी मुंबईच्या पेटंट कार्यालयात झाली. हे कार्यालय अँटॉप हिलला आहे, परळहून फार लांब नाही. बायरचं म्हणणं होतं की संशोधनाला अवाढव्य खर्च येतो, फसलेल्या औषधांचा खर्चही यशस्वी औषधातूनच भरून काढावा लागतो, आणि गरजूंसाठी आमची सवलत योजना आहे. ते म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी कायद्यातले तीन प्रश्न एकेक करून विचारले. लोकांची वाजवी गरज भागते आहे का? किंमत वाजवी आहे का? शोधाचा वापर भारतात होतो आहे का? कंपनीच्याच आकड्यांवरून दिसलं की औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आलं.

९ मार्च २०१२च्या आदेशानं भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. किंमत ठरली १२० गोळ्यांना ८,८८० रुपये, म्हणजे गोळीमागे ७४. बायरला विक्रीच्या ६ टक्के मोबदला, आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रोग्यांना औषध फुकट. बायर अपिलात गेली. २०१३ मध्ये अपील मंडळानं परवाना कायम ठेवला, मोबदला ७ टक्के केला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तेच म्हटलं. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप करायला नकार दिला.

ही विजयाची गोष्ट म्हणून सांगायचा मोह होतो. पण दोन गोष्टी लपवता येत नाहीत. पहिली, हे औषध रोग बरा करत नाही. ज्या मोठ्या चाचणीवर त्याची मान्यता उभी राहिली, तिच्यात गोळी घेणाऱ्यांचा रोग मध्यमानानं साडेपाच महिने थोपवला गेला, न घेणाऱ्यांचा २.८ महिने. जुन्या किमतीत त्या साडेपाच महिन्यांचे पंधरा लाखांच्या वर होतात, नव्या किमतीत पन्नास हजारांच्या आत. महिन्यांची संख्या तीच. पण पहिल्या हिशेबात माणसाच्या मागे घर गहाण राहतं, दुसऱ्यात राहत नाही. दुसरी गोष्ट, दुसऱ्या औषधांसाठी असाच परवाना मागणारे पुढचे अर्ज फेटाळले गेले. दरम्यान उपचार पुढे गेले. आता प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं आहेत, थेट हिफलाच अडवणारी गोळीही अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाली. प्रत्येक नव्या औषधाबरोबर किमतीचा जुना प्रश्न नव्यानं उभा राहतो.

बावीसच्या आकड्याचे दोघे

शेवटी पुन्हा कोकणात येऊ, पण पुण्यावरून. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं सारखंच, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेतली होती. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. हात-पाय, पोट, स्नायू सगळंच लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. नाळेच्या रक्तात इन्शुलिनही त्या वजनाच्या मानानं जास्त. अर्धपोटी आयांच्या बाळांनी पोटातच साठा करायला सुरुवात केली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं असाच प्रश्न कोकणातल्या किशोरवयीन मुलींपासून विचारायला घेतला आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या, बऱ्याचशा काटकुळ्या मुली. पुढे त्यांचं लग्न होईल, बाळं होतील, तोवर त्यांचा माग ठेवायचा. इथे कुपोषण आणि मधुमेह एकाच घरात, कधी एकाच शरीरात भेटतात.

यातून किडनीच्या कॅन्सरपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही आणि ओढूही नये. आपल्याकडे हा कॅन्सर तसा कमी आढळतो. पण लठ्ठपणा म्हणजे फक्त सुटलेलं पोट, असं समजून आपण स्वतःला यादीतून वगळत असू, तर तो बावीसचा आकडा आठवावा. पेशी वजनकाट्याकडे पाहत नाही, तिच्या कानावर काय पडतं ते ऐकते.

आणि एक साधी गोष्ट. लघवीतून रक्त जाणं, दुखत नसलं तरी, हा एक सांगावा आहे, आणि हा खोटा नसतो. कारण मुतखड्याचं निघू शकतं, संसर्गाचं निघू शकतं. पण ‘उष्णता झाली असेल’ म्हणून कोकमाचं सरबत पिऊन महिना घालवू नये. गाठ किडनीपुरती असताना सापडली, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनं काम भागतं. मग ना २,८०,४२८चा हिशेब करावा लागतो, ना ८,८८०चा. आजकाल बऱ्याच गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसतात, आणि ती सोनोग्राफी रत्नागिरीतही होते. तिच्यासाठी तुतारी पकडावी लागत नाही.